रविवारचे न्हाणे आणि गॅलरीतले पातेले

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात : पत्रलेखिका 46 वर्षांच्या असून तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत नोकरी करतात. घरी पती, बारावीत शिकणारा मुलगा आणि 78 वर्षांच्या सासूबाई आहेत. सासूबाईंना उठता-बसताना हात द्यावा लागतो. गेल्या पावसाळ्यात पत्रलेखिकेला डेंग्यू झाला आणि बरे झाल्यावर दोन-अडीच महिन्यांनी केस पुंजक्यापुंजक्याने गळू लागले. तेव्हापासून त्या शनिवारी रात्री डोक्याला खोबरेल लावतात, रविवारी सकाळी उकळलेल्या शिकेकाईने न्हातात आणि अंगाला उटणे लावतात. या सगळ्याला दीड तास लागतो. केस पुन्हा भरून आले आणि त्याहून अधिक म्हणजे तो दीड तास त्यांना आवडू लागला. मात्र रविवारी घरी आलेली जाऊ म्हणाली, ‘या वयात हे नटण्याचे वेड कुठून लागले?’ सासूबाई न्हाणीघराचे दार ठोठावतात. पती म्हणतात, ‘पार्लरमध्ये जाऊन ये, अर्ध्या तासात काम होईल.’ आता त्या शिकेकाईचे पातेले मागच्या गॅलरीत झाकून ठेवतात आणि आत किती वेळ गेला हे कोणाला कळू नये म्हणून नळ वाहता ठेवतात. मध्यंतरी चेहऱ्यावरचे काळपट डाग जावेत म्हणून एक चित्रफीत पाहून त्यांनी लिंबाचा रस व खाण्याचा सोडा लावला, तर गाल भाजल्यासारखे झाले. त्यावर घरच्यांचे म्हणणे, ‘बघ, हेच होणार होते.’ त्या विचारतात : हा स्वार्थ आहे का? हे बंद करावे, की करण्याची काही योग्य रीत आहे?

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातला प्रश्न मी एकदाच वाचला, पण गॅलरीत झाकून ठेवलेल्या पातेल्याचे आणि वाहत्या नळाचे वाक्य मात्र पुन्हा पुन्हा वाचले. आपण स्वार्थी आहोत का, असे तुम्ही मला विचारता. परंतु स्वतःच्याच घरात शिकेकाई लपवावी लागते, यावरून तो निवाडा तुम्ही स्वतःविरुद्ध आधीच देऊन ठेवला आहे असे दिसते. त्यामुळे ‘बंद करू की चालू ठेवू’ याचे उत्तर देण्याआधी तो निवाडा कोणत्या समजुतींवर उभा आहे, हे पाहू या.

पहिली समजूत तुमच्या पत्राच्या मध्यावर सापडते. तुम्ही लिहिता की केस परत आले नसते तर घरच्यांना सांगायला तुमच्याजवळ काहीच कारण उरले नसते. येथे मला थोडे अप्रिय पण खरे सांगावे लागेल. डेंग्यूसारख्या मोठ्या तापानंतर, बाळंतपणानंतर किंवा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर अनेक केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन ते तीन महिन्यांनी एकदम गळतात. मूळ कारण दूर झाले असेल तर ही गळती साधारणपणे सहा महिन्यांच्या आत आपोआप थांबते आणि नवे केस येतात. म्हणजे तुमचे केस बहुधा शिकेकाईवाचूनही परत आले असते. केसाचा जो भाग आपल्याला दिसतो तो जिवंत नसतो. त्याला बाहेरून ‘पोषण’ देता येत नाही, त्याची झीज तेवढी कमी करता येते. खोबरेल ते काम खरोखर करते. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती, त्यात केसांतील प्रथिनांची हानी फक्त खोबरेलामुळे कमी झाल्याचे दिसले. त्यातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान व सरळ असल्यामुळे तो केसाच्या आत शिरू शकतो. (तो अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीतील संशोधकांनी केला होता, हेही वाचकांना माहीत असलेले बरे.) न्हाण्याआधी तेल लावण्याच्या आपल्या जुन्या रीतीला यातून आधार मिळतो, पण नवे केस उगवण्याशी त्याचा संबंध नाही.

हे मी तुमचा आनंद हिरावण्यासाठी सांगत नाही. तुमचा रविवार केसांच्या वाढीवर टांगलेला राहिला, तर ज्या महिन्यात पुन्हा केस गळतील त्या महिन्यात त्या दीड तासावरचा तुमचा हक्कही गळून पडेल, एवढेच मला दिसते. तुम्ही स्वतःच लिहिले आहे की न्हाऊन केस पुसत खिडकीत बसल्यावर आठवड्यात पहिल्यांदा आपला श्वास आपल्याला ऐकू येतो. ते कारण पुरेसे आहे, त्याला निकालाचा दाखला जोडायची गरज नाही.

दुसरी समजूत अशी, की तेल आणि उटणे म्हणजे नटणे, आणि नटणे म्हणजे चैन. ही समजूत आपल्या घरांत कधी शिरली, याचे मला नवल वाटते. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या प्राचीन आयुर्वेदग्रंथात अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल चोळणे, सांगितला आहे तो दिनचर्येच्या अध्यायात, सणावारांच्या नव्हे. रोज करावा, आणि डोके, कान व पाय यांना विशेषकरून करावा, असे तिथे म्हटले आहे. नरक चतुर्दशीच्या पहाटे घरातला प्रत्येक पुरुष पाटावर बसून तेल लावून घेतो, उटणे चोळून घेतो, त्याच्या भोवती रांगोळी असते आणि कोणीतरी त्याला ओवाळते. त्या दिवशी त्याला कोणी नटवा म्हणत नाही. तान्ह्या बाळाला रोज तेल लावून न्हाऊ-माखू घालतात. बाळंतिणीला सव्वा महिना तेल लावून शेक देतात. म्हणजे तेल-न्हाणे ही आपल्याकडे काळजीची सर्वांत साधी भाषा आहे. फक्त बाळंतिणीचा सव्वा महिना संपला की त्या भाषेत बाईशी बोलणारे कोणी उरत नाही, आणि ती स्वतःशी बोलू लागली की लोकांना ते चमत्कारिक वाटते.

मला वाटते, तुमच्या पत्रातली खरी उणीव इथे आहे, तुम्ही तिचे नाव घेतलेले नसले तरी. लहानपणी आपले डोके कोणाच्या तरी गुडघ्यांमध्ये असायचे. माझी आजी आधी टाळूवर तेल थापायची, मग बोटांनी मुळांशी जिरवायची, आणि शिकेकाई डोळ्यांत गेली म्हणून मी ओरडले की पाठीत धपाटाही घालायची. त्या धपाट्यासकट ते सगळे मला आजही हवेसे वाटते. ‘शांपू’ हा शब्दही मुळात हातांचाच आहे. हिंदीतल्या ‘चाँपना’ म्हणजे दाबणे, चेपणे या क्रियापदावरून तो इंग्रजीत गेला, आणि पाटण्यात जन्मलेले साके दीन महोमेद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील ब्रायटनला स्नानगृह उघडून हा प्रकार तिकडे लोकप्रिय केला. बाटलीतले द्रव्य हा त्याचा अर्थ पुष्कळ नंतर आला. तुम्ही कडी लावून जे एकटीने करता, ते मुळात दोघांनी करायचे काम होते. म्हणूनच मला तुमच्या पतींची पार्लरची सूचना टाकाऊ वाटत नाही. महिन्यातून एकदा दुसऱ्याच्या हाताने डोके चोळून घेण्यात सुख आहेच. पण ‘अर्ध्या तासात काम होईल’ या शब्दांत ते ज्याला काम समजतात, ते उरकण्यासाठी तुम्ही न्हाणीघरात जात नाही. हे त्यांना भांडून नव्हे, सांगून कळू शकेल. आणि शनिवारी रात्री तेलाची वाटी त्यांच्याच हातात द्यायला काय हरकत आहे? केसांच्या मुळांशी दहा मिनिटे बोटे फिरवायला कोणतेही कसब लागत नाही.

आता ‘या वयात’ या शब्दांविषयी. बाईने केसांचे काय करावे हे इतरांनी ठरवण्याचा आपल्या महाराष्ट्रातला इतिहास फार जुना आणि फार क्रूर आहे. विधवांचे केशवपन थांबावे म्हणून 1890 मध्ये मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांना एकत्र येऊन तसे ठरवावे लागले होते. तुमच्या जाऊबाईंचा टोमणा त्या तुलनेत क्षुल्लक आहे हे खरे, पण बाईचे शरीर कोणत्या वयापर्यंत आणि कोणासाठी जपायचे याचा हिशेब दुसऱ्याच्या हाती असतो, ही कल्पना त्याच घराण्यातली आहे. सासूबाईंचे मात्र मी वेगळे धरते. ‘आमच्या वेळी वेणी घालायलाही सवड नसायची,’ हे त्यांचे वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिले आहे. मला त्यात तक्रारीइतकेच दुःखही ऐकू येते. दार ठोठावणाऱ्या 78 वर्षांच्या बाईच्या डोक्याला शेवटचे तेल कोणी आणि कधी लावले असेल? तुम्हाला जमत असेल, मनापासून वाटत असेल, तर एखाद्या दुपारी त्यांच्या डोक्याला कोमट तेल लावा. पण हे रविवारच्या तासात घुसवू नका आणि कर्तव्यांच्या यादीत आणखी एक म्हणून तर मुळीच घेऊ नका. नातू बारावीत असला तरी आजीच्या तळपायांना तेल लावण्याइतका वेळ त्यालाही काढता येतो.

तिसरी समजूत तुमच्या गालांनी मोडलीच आहे, तरी ती इतर वाचकांसाठी स्पष्ट लिहिते : स्वयंपाकघरातले म्हणजे निर्धोक, हे खरे नाही. आपल्या त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) साधारण पाचच्या आसपास असतो. लिंबाच्या रसाचा सामू सुमारे दोन म्हणजे अतिशय आम्लधर्मी, तर सोड्याचा आठाच्या वर म्हणजे अल्कधर्मी. ही दोन्ही टोके चेहऱ्यावर आणली की त्वचेचे वरचे संरक्षक आवरण दुखावते. लिंबाच्या बाबतीत आणखी एक धोका आहे : त्यातील काही द्रव्ये त्वचेवर असताना ऊन लागले तर भाजल्यासारखे फोड येतात आणि त्यानंतर महिनोन्‌महिने टिकणारे काळे डाग राहतात. म्हणजे डाग घालवण्यासाठी लावलेले लिंबू नवे डाग देऊन जाते. सध्या गालांना दुसरे काहीही लावू नका; साध्या पाण्याने धुवा, ओलसरपणावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या, उन्हात जाताना चेहरा झाका. आठवड्याभरात लाली आणि आग शमली नाही, किंवा फोड आले, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. तुम्ही वर्णन केलेले दोन्ही गालांवरचे काळपट डाग मला वांगासारखे वाटतात. वांग या वयात पुष्कळ बायकांना येतो, उन्हाने वाढतो आणि हळद, बटाट्याचा रस किंवा लिंबू यांनी जात नाही. पतसंस्थेत दुचाकीवरून जाता, तेव्हा सर्वांत मोठा उपाय म्हणजे सकाळी लावायचे 30 किंवा त्याहून अधिक एसपीएफचे सनस्क्रीन. ते घरगुती नाही याचे वाईट वाटून घेऊ नका. नैसर्गिकतेचा आग्रह आपल्याला आनंद देतो तोवरच धरावा.

शिकेकाईचे मात्र मी तुम्हाला भरभरून सांगू शकते. शिकेकाई आणि रिठा या दोहोंत सॅपोनिन नावाची फेस देणारी द्रव्ये असतात, आणि ती तेल व मळ पाण्याबरोबर वाहून नेतात. साबणाचे बोअरच्या जड पाण्याशी पटत नाही, केसांवर चिकट साका बसतो. शिकेकाईचा तसा साका बसत नाही, म्हणून जड पाण्याच्या गावात ती विशेष उपयोगी. पूड वापरण्यापेक्षा काष्ठौषधींच्या दुकानातून अख्ख्या शेंगा आणाव्यात. खांद्यापर्यंतच्या केसांना आठ-दहा शेंगा, बिया काढलेले चार-पाच रिठे आणि सुक्या आवळ्याचे काही तुकडे रात्री भिजत घालावेत, सकाळी मंद आचेवर उकळून, गार झाल्यावर हाताने कुस्करून फडक्यातून गाळावे. पूड केसांत अडकून बसते आणि ती काढताना केस तुटतात. गाळलेल्या पाण्याने हा त्रास होत नाही. फेस कमी आला म्हणून रिठे वाढवू नका, केस राठ होतात. डोळे घट्ट मिटा, कारण तिची आग फार वाईट. उरलेला काढा फ्रिजमध्ये दोन दिवसांहून अधिक ठेवू नये, तो आंबतो. आणि तेल मुळात बेताचे लावले, चार-पाच चमचे, तर ते काढण्यासाठी दोन-तीनदा डोके धुवावे लागत नाही. तुमच्या दीड तासातली पंधरा मिनिटे इथेच वाचतील. ज्यांना कोंडा आहे त्यांनी मात्र रात्रभर तेल ठेवू नये. कोंड्याशी संबंधित बुरशी आपल्या टाळूवरच्या तेलावरच जगते, तेव्हा न्हाण्याआधी अर्धा-पाऊण तास पुरे, आणि कोंडा हटत नसेल तर औषधी शांपू वापरण्यात काही कमीपणा नाही.

उटण्याबद्दल एवढेच, की ते घासायचे नसते, फिरवायचे असते. आंबेहळद, वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी यांची वस्त्रगाळ पूड मसुराच्या पिठात मिसळून दुधात कालवा आणि आधी तेल लावलेल्या अंगावर हलक्या हाताने लावा. पूर्ण सुकून तडकण्याआधीच धुवा, नाहीतर ती त्वचेतला ओलावाही ओढून घेते. चेहऱ्यावर गाल बरे होईपर्यंत उटणे नको, आणि ज्यांना मुरुमे येतात त्यांनी चेहऱ्याला खोबरेलही लावू नये, त्याने रंध्रे बुजतात. कोरफड वापरत असाल तर पात कापून काही वेळ उभी ठेवा. सालीखालचा पिवळा चीक निथळून गेल्यावर धुऊन मगच गर घ्या, कारण खाज येते ती त्या चिकाने. मेंदीचा नैसर्गिक रंग तांबूस असतो. अर्ध्या तासात केस काळेभोर करणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त बहुधा पीपीडी हे रसायन असते आणि त्याची अॅलर्जी तीव्र असू शकते, म्हणून खोक्यावरची यादी वाचल्याशिवाय ती घेऊ नका. कोणतीही नवी वस्तू, मग ती परसातली का असेना, आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून दोन दिवस थांबावे.

भांगाच्या जागी केस विरळ होत असतील, चाई पडल्यासारखे गोल चकते दिसत असतील, किंवा केसांबरोबर थकवा, धाप, पाळीत बदल असे काही असेल, तर तेलाच्या भरवशावर राहू नका; हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड यांची रक्ततपासणी करून घ्या. डेंग्यूनंतर आणि तुमच्या वयात ती एकदा केलेली बरीच.

राहिली घरातली व्यवस्था. हे सर्व बंद करणे हा पर्याय मला अयोग्य वाटतो, कारण त्याने घरात कोणाचेच काही वाढणार नाही. तो दीड तास भांड्यांत आणि धुण्यात विरून जाईल. आहे तसेच चोरून करत राहणे हा पर्याय त्याहून वाईट, कारण नळाच्या आवाजाआड विसावा मिळत नाही, आणि उन्हाळ्यात दोन दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात वाहत्या नळाचा अपराधीपणा आणखी वेगळा. तेव्हा वेळ जाहीर करा. परवानगी मागू नका, कळवा : ‘रविवारी साडेनऊ ते अकरा मी न्हाणार आहे.’ सासूबाईंचा चहा, औषध आणि शौचाला नेणे हे साडेनऊच्या आत होऊ द्या आणि त्यानंतर हाक आली तर कोण उठणार, हे पतींनी व मुलाने आपसांत ठरवावे. पहिले दोन-तीन रविवार दार ठोठावले जाईलच. तेव्हा आतून ‘अकरा वाजता येते’ एवढेच म्हणा आणि खरोखर अकरालाच या. सासूबाईंच्या मनात हा रविवार मुरायला तेच सर्वांत उपयोगी पडेल.

आणि सगळे सुख रविवारवर ठेवू नका. रोज आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच तिळाच्या तेलाचे चार थेंब हातापायांना चोळायला दोन मिनिटे लागतात. रात्री काशाची वाटी आणि थोडे तूप घेऊन तळपाय घासायला पाच. ताप, अजीर्ण किंवा कफ असेल त्या दिवशी हे राहू द्या. अभ्यंग रोज करा म्हणणाऱ्या वाग्भटानेही अजीर्णात आणि कफ झालेला असताना तो वर्ज्य सांगितला आहे. एखादा रविवार चुकला, पाहुणे आले, मुलाची परीक्षा आली, तर चुकू द्या. हे व्रत नव्हे, त्याचे उद्यापन करायचे नाही.

जाऊबाई पुन्हा आल्या आणि पुन्हा तेच म्हणाल्या, तर वादात पडू नका. त्यांना तेलाची वाटी दाखवून ‘बसा, तुमच्याही डोक्याला लावते’ असे म्हणून पाहा. त्या बसतील असे मी सांगू शकत नाही, पण बसल्या तर पुढच्या वेळी त्यांच्याकडे बोलायला काही वेगळे असेल.

येत्या शनिवारी शेंगा भिजत घालाल, तेव्हा पातेले गॅलरीत नेऊ नका. ओट्यावर, दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवा.

तुमची,
सल्लागार